बॉर्डर कॉली आणि अफगाण हाउंड : स्वभाव व बुद्धिमत्ता

श्वानांच्या बुद्धिमत्तेची तुलना करताना बहुधा याच दोन जाती समोरासमोर ठेवल्या जातात, कारण कॅनडातील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्रमवारीत बॉर्डर कॉली पहिली, तर अफगाण हाउंड अगदी शेवटी आहे. आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांची मते मागवून ही क्रमवारी तयार झाली. तिच्यानुसार वरच्या गटातील कुत्री नवी आज्ञा पाचापेक्षा कमी आवर्तनांत शिकतात, तर तळच्या गटाला ८० ते १०० आवर्तने लागू शकतात. येथे मोजली गेली ती मुख्यतः आज्ञाधारकता. उपजत कौशल्य आणि स्वतः अडचण सोडविण्याची क्षमता कोरेन यांनीही वेगळी मानली होती. वृत्तपत्री उल्लेखांत मात्र हा भेद सहसा गळून पडतो.

बॉर्डर कॉली इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरील मेंढपाळांनी घडवली. १८९३ मध्ये जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा या जातीचा मूळ नर मानतात. कळप वळवताना ती मान खाली घालून, अंग जमिनीलगत ठेवून, न भुंकता मेंढ्यांवर नजर रोखते आणि दूरवरून आलेल्या शिटीसरशी दिशा बदलते किंवा जागीच बसते. हेरणे, दबा धरणे व पाठलाग करणे हे शिकारीचे टप्पे तिच्यात तीव्र आहेत, पण चावा घेण्याची प्रवृत्ती निवड-पैदाशीने बरीच दाबलेली आहे. अमेरिकेतील ‘चेसर’ नावाच्या मादीला १,०२२ खेळण्यांची नावे ओळखता येत होती.

अफगाण हाउंड हा नजरेने सावज टिपून वेगाने गाठणारा शिकारी कुत्रा असून महाराष्ट्र-कर्नाटकातील कारवानी कुत्राही याच प्रकारात मोडतो. सावजामागे धावताना मालक फार मागे राहतो आणि कुठे वळायचे हे कुत्र्यालाच ठरवावे लागते. त्यामुळे हुकमाची वाट पाहणारा कुत्रा या कामाचा नाही. तो घरच्यांशी जिव्हाळ्याने वागला, तरी परक्यांपासून अलिप्त राहतो.

तथापि, जातीवरून एखाद्या कुत्र्याच्या स्वभावाविषयी फार ठाम बोलता येत नाही. अमेरिकेतील १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या २०२२ मधील अभ्यासात वर्तनातील फरकांपैकी सुमारे ९ टक्केच जातीमुळे स्पष्ट झाले. हाकेला प्रतिसाद देण्यासारख्या गुणांत जातीचा प्रभाव तुलनेने अधिक होता. पाळणाऱ्याच्या दृष्टीने व्यवहारातला फरक असा, की काम न मिळालेली बॉर्डर कॉली मुले आणि सायकली वळवू लागते, तर अफगाण हाउंडला कुंपण नसलेल्या जागी मोकळे सोडणे धोक्याचे ठरते.