जाड स्वे बार म्हणजे जास्त ग्रिप? नाही!
वर्षानुवर्षं ऐकतोय की गाडीला जाड स्वे बार (डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेन्शन जोडणारा दांडा) टाका, बॉडी रोल (वळणावर गाडी एका बाजूला झुकणं) कमी होईल आणि ग्रिप वाढेल. पहिलं खरं आहे, दुसरं तसंच्या तसं खरं नाही.

वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं, ते एकूण किती जाणार हे मुख्यतः गाडीचा वेग, वळण किती टाइट आहे, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यावर ठरतं, बार फक्त त्यातला किती वाटा पुढच्या अॅक्सलवर आणि किती मागच्या अॅक्सलवर जाईल हे बदलतो. आणि टायरवर लोड दुप्पट झाला तरी ग्रिप दुप्पट होत नाही, त्यामुळे ज्या अॅक्सलचा बार कडक केला त्याचीच ग्रिप सहसा कमी होते. पुढचा जाड केला की अंडरस्टीअर (स्टीअरिंग फिरवलं त्यापेक्षा गाडी कमी वळणं) वाढतो, मागचा केला की मागची बाजू लवकर सुटते, ओल्या रस्त्यावर तर हे खरंच धोकादायक आहे.

अपवाद आहे. स्ट्रट सस्पेन्शनच्या (ज्यात शॉक अॅब्सॉर्बरच चाकाला वरून धरून ठेवतो) मऊ गाडीत रोलमुळे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बिघडतो, तिथे रोल कमी केला तर टायर रस्त्यावर नीट बसतो आणि फायदा होतो.

अजून एक, कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे २० मिमीच्या जागी २२ मिमीचा भरीव बार टाकला की तो जवळपास ४६ टक्के कडक! आणि एकच चाक खड्ड्यात गेलं तरी धक्का दुसऱ्या चाकाकडे जातो. म्हणून आधी चांगले टायर घ्या, अलाइनमेंट करा, बारचं नंतर बघा.