लोकप्रतिनिधींची बैठक आणि भूसंपादनाची हरकत: दोन्हींत गल्लत नको

बेळगाव तालुक्यात रस्त्याची किंवा वसाहतीची नवी योजना आली की आधी बैठक ठरते. आमदार येतात, नाहीतर खासदार. देवळाच्या सभामंडपात गाव जमतं, माणसं पोटतिडकीनं बोलतात, ‘तुमच्या भावना सरकारपर्यंत पोचवतो’ असं आश्वासन मिळतं आणि आपला विरोध नोंदला गेला, अशा समजुतीनं सगळे घरी जातात. कायद्याच्या दृष्टीनं तेव्हा काहीच नोंदलं गेलेलं नसतं. हरकतीची मुदत मात्र बहुतेक वेळा याच दिवसांत संपते.

बैठक लोकप्रतिनिधी स्वतःहून बोलावतात. तिचं इतिवृत्त ठेवण्याचं बंधन नाही आणि तिथला शब्द भूसंपादन अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. हरकत ही त्या अधिकाऱ्याकडे दिलेली लेखी कैफियत असते. ती ऐकून घेणं आणि तिच्यावर आदेश काढणं त्याला टाळता येत नाही.

मुदत कायद्यागणिक बदलते, आणि इथंच माणसं चुकतात. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जाणार असेल, हलगा-मच्छे बायपाससारखी, तर 1956 चा राष्ट्रीय महामार्ग कायदा लागू होतो. त्याच्या कलम 3ए खाली अधिसूचना निघाली की हरकतीला फक्त 21 दिवस मिळतात, तेही राजपत्रातल्या तारखेपासून. वर्तमानपत्रातली जाहिरात त्यानंतर येते, गावातली चर्चा त्याहून उशिरा. पेपरच्या तारखेपासून दिवस मोजलेत तर अर्ज मुदतबाह्य ठरू शकतो. म्हणून राजपत्राची प्रत काढून तारीख स्वतः डोळ्यांनी बघा.

‘बुडा’च्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या वसाहतीसाठी 1987 चा नगरविकास प्राधिकरण कायदा आहे. तिथं नोटीस हातात पडल्यापासून 30 दिवस मिळतात. पण नोटीस निघते ती दप्तरी नोंद असलेल्या नावावर. उताऱ्यावर अजून वारलेल्या आजोबांचंच नाव असेल तर नोटीसही त्यांच्याच नावे येणार. योजना येण्याची वाट न बघता वारसा नोंद करून घ्या. मास्टर प्लॅनचं, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याचं, तिसरंच. मसुदा जाहीर झाल्यावर 60 दिवसांत कुणालाही सूचना देता येते, त्यासाठी जमीनमालक असावं लागत नाही. गल्लीतून मोठा रस्ता दाखवलाय, मैदानाची जागा व्यापारी पट्ट्यात गेलीय, असल्या तक्रारी इथं मांडायच्या.

आता हरकतीत काय लिहायचं ते. ‘आम्ही जमीन देणार नाही’ एवढ्या एका ओळीवर सह्यांचे गठ्ठे दिले जातात आणि ते एका फटक्यात फेटाळले जातात. ‘दर कमी आहे’ हेही या टप्प्यावर चालत नाही, कारण महामार्ग कायद्यात भरपाईचे दावे पुढं कलम 3जी खाली मागवले जातात. त्याच कायद्याच्या कलम 3सी खालची ही 21 दिवसांतली हरकत जमिनीच्या त्या वापराविरुद्ध असते. तेव्हा कारण जमिनीला धरून द्या: ‘सर्व्हे नंबर अमुक, क्षेत्र 1 एकर 12 गुंठे, दुबार पीक. रस्त्याचा भराव पडला तर बळ्ळारी नाल्याचं पाणी तुंबून वरच्या बाजूची भातशेती बुडेल. शेतातली विहीर आखणीत येते. पर्यायी मार्ग सोबतच्या नकाशावर दाखवला आहे.’ उतारा, मोजणी नकाशा, पावसाळ्यात पाणी साचल्याचे तारखेसह फोटो जोडा. प्रत्येक खातेदाराची हरकत वेगळी हवी. सामुदायिक निवेदन दिलं तर ते वरकड समजा.

अर्ज अधिसूचनेत नाव दिलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडेच द्यायचा. आमदारांच्या हाती दिलेली प्रत ही हरकत नव्हे. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा. भाषेपायी अडून राहू नका. घटनेच्या कलम 350 नुसार राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं, म्हणजे मराठी अर्ज चालतो. तरी कन्नड भाषांतर जोडलेलं बरं, वाचलं नाही म्हणायला जागा राहत नाही.

मग बैठकीला जायचंच नाही का? जरूर जा, पण मागायला जा. आखणीचा नकाशा, सर्व्हे नंबरांची यादी, अधिसूचना निघाली असेल तर तिचा क्रमांक, एवढं अधिकाऱ्यांकडून तिथल्या तिथं मागून घ्या. लोकप्रतिनिधी समोर असताना या गोष्टी चटकन मिळतात. गटार, पथदिवे, बसफेरी, पाण्याची पाळी ही कामं तर बैठकीतच उरकतात, त्यांना हरकतीची गरज नाही.

सुनावणीला स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहता येतं. हरकत फेटाळली तर आदेशाची प्रत लगेच मागा. महामार्गाच्या बाबतीत त्यानंतर कलम 3डी खाली संपादनाची घोषणा प्रसिद्ध झाली की जमीन थेट केंद्र सरकारच्या नावे होते. धारवाडच्या उच्च न्यायालय खंडपीठात दाद मागायची तर वकील सगळ्यात आधी तोच आदेश आणि शिक्क्याची प्रत मागतो.