परग्रहावरची फौज आणि पावनखिंडीचं गणित

कोल्हापूर जिल्ह्यात फौजीबरोबर बसून सायन्स फिक्शन पिक्चर बघायचा म्हणजे वेगळाच विषय असतोय. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात तर घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं पाहुण्यारावळ्यात एखादे रिटायर सुभेदार काका निघतातच. आमच्याकडं असेच एक काका टीव्हीसमोर बसले होते, स्क्रीनवर परग्रहावर उतरलेले जवान किड्यांवर धडाधड गोळ्या झाडतायत, जाळ आणि धूर संगटच, आणि काका शांतपणे म्हणाले, "ही सगळी एकाच जागी का उभारल्यात रे? एक गोळा पडला की पलटण साफ."

पिक्चर होता 1997 चा 'स्टारशिप ट्रूपर्स'. आता तो मुद्दाम तिरकस काढलाय, त्यातला येडेपणा बराचसा जाणूनबुजून केलेला आहे हे मान्य, पण तीच पद्धत पुढं कितीतरी पिक्चरवाल्यांनी एकदम सिरियसली उचलली. रणगाडे नाहीत, तोफखाना नाही, नुसत्या रायफली घेऊन कोंडाळं करून पळत सुटायचं. खऱ्या लढाईत, म्हणजे दोन्ही महायुद्धांत बघा, माणसं मारण्यात सगळ्यात मोठा वाटा तोफगोळ्यांचा. 1944 च्या डिसेंबरात बेल्जियमकडच्या लढाईत अमेरिकनांनी तर असे गोळे वापरले की त्यांच्या टोकातच छोटा रेडिओ बसवलेला, त्याच्या लहरी जमिनीवर आपटून परत आल्या की गोळा जमिनीला टेकायच्या आधीच हवेत फुटणार आणि तुकडे वरनं पावसासारखे खाली, मग खड्ड्यात झोपून पण उपयोग नाही. म्हणून तर जवानांना पहिल्यापासनं पांगून चालायला शिकवतात. पण पांगलेली फौज कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये मावत नाही, खरी गोम तिथं आहे.

आता दुसरी गोष्ट, मूठभर हिरो आणि समोर हजारोंची फौज, तेही उघड्या मैदानात, आणि तरी हिरो जिंकणार. फ्रेडरिक लँचेस्टर नावाचा एक इंग्लिश इंजिनियर होता, मोटारी बनवायचा, त्यानं 1916 मध्ये याचं गणितच मांडून ठेवलंय. लांबनं नेम धरून मारामारी असेल तर फौजेची ताकद संख्येच्या नाही, संख्येच्या वर्गाच्या हिशोबानं वाढते. कारण ज्याची माणसं जास्त त्याच्या बंदुका जास्त, आणि वर समोरच्याच्या गोळ्या जास्त माणसांत वाटल्या जाणार, म्हणजे फायदा डबल. एकीकडं 1000, दुसरीकडं 700, बाकी सगळं सारखं, आणि शेवटपर्यंत लढले तर 700 वाले साफ होतात आणि 1000 वाल्यांचे जवळजवळ 714 शिल्लक राहतात! दुप्पट फौजेला पुरं पडायचं तर तुमचा एकेक गडी चौपट भारी पाहिजे, दहापटीला शंभरपट. नुसता हिरो असून भागत नाही.

मग बाजीप्रभूंनी कसं जमवलं? तर हे गणित उघड्या मैदानाचं आहे आणि ते मैदानात थांबलेच नाहीत. जुलै 1660, पन्हाळ्याच्या वेढ्यातनं महाराज निसटले, पाठीवर सिद्दी मसूदची फौज, आणि घोडखिंडीत बाजी सुमारे 300 बांदल घेऊन उभारले. खिंड अरुंद, लढाई ढाल-तलवारीची, त्यामुळं मागं कितीबी फौज असू दे, एका वेळी पुढं येऊन लढणार मोजकेच. तिथं तो वर्ग गळून पडतो, उरतो एकास एक हिशोब, आणि बांदलांसारखा कसलेला गडी तिथंच वसूल होतोय. शिवाय त्यांना जिंकायचं नव्हतं, महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत वेळ काढायचा होता, हे पिक्चरमधल्या जनरल लोकांना कधी सुचतच नाही, ते जागा सोडून थेट पठारावर येतात. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणाऱ्यांना ही जागेची किंमत पायांनीच कळते.

अंतराळातल्या लढाईत तर अजून मजा. एवढं मोठं जहाज गुपचूप येतं आणि शेजारी येऊन ठेपेपर्यंत कुणाला पत्ता नाही! माणसानं सोडलेलं व्हॉयेजर-1 यान हजारो कोटी किलोमीटर लांब आहे, त्याचा ट्रान्समीटर वीसेक वॅटचा, म्हणजे घरातल्या ट्यूबलाईटएवढा, तरी पृथ्वीवरच्या मोठ्या अँटेना त्याचा सिग्नल पकडतात. अर्थात त्यांना तो कुठं आहे ते आधीच माहीत असतं, पण पेटलेलं इंजिन त्याच्या कितीतरी पट ऊर्जा बाहेर टाकणार, आणि मागचं आकाश उणे 270 सेल्सियस, त्यात ते गरम जहाज लपणार कुठं?

आणि उष्णतेचं अजून एक लफडं आहे, तिकडं हवाच नाही, त्यामुळं तापलेलं यंत्र गार करायला ती उष्णता नुसती किरणांवाटे बाहेर फेकावी लागते. अंतराळ स्थानकाला त्यासाठी भलेमोठे पांढरे रेडिएटर लावलेत, आतनं अमोनिया फिरवतात. लेझरची लढाई करणाऱ्या जहाजाला तर असले पत्रे कितीतरी मोठे लागतील, आणि शत्रू शहाणा असेल तर जहाजाला हातच लावणार नाही, आधी तेच पत्रे फोडणार, मग आतल्या लोकांनी एकतर तोफ बंद करायची, नाहीतर उकडून निघायचं.