उचिवा आणि सेन्सू: घडीपलीकडचा फरक

जपानी चित्रकार हिरोशिगेच्या गोलसर छापचित्राखाली 'जपानी फोल्डिंग फॅन' असं लिहिलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. हिरोशिगेने (१७९७–१८५८) अशी शेकडो चित्रं केली ती उचिवासाठी, म्हणजे दांडीच्या, न मिटणाऱ्या पंख्यासाठी. आपल्या विंझण्याचाच हा जातभाई, त्यामुळे त्याच्यावर शाई खर्च करत नाही. बांबू उभा चिरून काड्या काढायच्या, पसरायच्या, दोन्ही बाजूंनी कागद डकवायचा. शिकोकू बेटावरचं मारुगामे त्यासाठी प्रसिद्ध आहे. सेन्सू तो घडीचा, एका खिळीभोवती उलगडणारा. उचिवाचं मूळ चीनमध्ये, तर घडीचा पंखा जपानने घडवला आणि तो पुढे चीनला गेला. इतिहास एवढा पुरे.

बहुतेक लेख 'एक मिटतो, दुसरा मिटत नाही' एवढं सांगून मोकळे होतात. चित्रकाराची खरी अडचण घडीच्या आधीच, कागदाच्या आकारापासून सुरू होते.

उचिवाचा कागद म्हणजे कोपरे गोलावलेलं साधं चित्र. खाली दांडीपुरती खाच, बस्स. पूल आडवा, समुद्र आडवा, पाऊस वरून खाली. नेहमीची मांडणी खपून जाते. सेन्सूच्या कागदाला वर मोठी कमान, खाली छोटी कमान आणि दोन तिरक्या कडा. जिथे एरवी आपण मुख्य आकृती उभी करतो, त्या खालच्या मधल्या भागात कागदच नाही. क्षितिजाची सरळ रेषा ओढून बघा: मध्यावर ठीक दिसते, पण कडेला जाईपर्यंत वरच्या कमानीला जाऊन भिडते आणि दोन्ही टोकांना आकाशच उरत नाही. रेषा कमानीबरोबर वळवली तर सपाट शेताची टेकडी होते.

क्योतोचा जपानी चित्रकार सोतात्सू, ज्याचं पंख्यांचंच दुकान होतं असं मानतात, या वळणाशी भांडला नाही. त्याच्या पंखाचित्रांत आकृत्या आणि जमीन खालच्या न दिसणाऱ्या बिंदूभोवती फिरल्यासारख्या बसतात. फ्रेंच चित्रकार देगाने वेगळी वाट धरली. नर्तकी एका कडेला ढकलल्या, उरलेला भाग जवळजवळ मोकळा. १८७९च्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात त्याने आणि त्याचा सहकारी चित्रकार पिसारोने असे पंखे मांडले होते. देगाच्या कितीतरी पंखाचित्रांना कधी घडी पडलीच नाही, म्हणून काहीजण त्यांना सपाट पंख्यांत टाकतात. साफ चूक. आकार कमानीचा, म्हणजे मांडणी घडीच्या पंख्याचीच.

घड्यांचा जाच वेगळाच. क्योतोत चित्र सपाट कागदावर रंगवून होतं, चुण्या नंतर पडतात. मग कागदाच्या थरांमध्ये फुंकर मारून फट मोकळी करतात आणि तिथे काड्या सरकवतात. म्हणजे रंगवताना घडी समोर नसते, पण धरावी लागते मनात. चेहरा चुणीवर आला तर नाक दुमडतं. रंग जाड लावला तर तिथेच तडकतो. बाजूने पाहिलं की एकाआड एक पट्टीच दिसते. उचिवाला यातलं काही नाही. तो फक्त झिजून फाटतो. आज टिकलेली उचिवा-चित्रं बरीचशी पंख्यावर न चढलेलीच आहेत, त्याचं कारण हेच.

दोन्ही पंखे ओळखायचा सराव करायचा असेल तर फ्रेंच चित्रकार मोनेचं १८७६चं 'ला जापोनेज' हे चित्र बघा. किमोनो घातलेल्या त्याच्या बायकोच्या, कामीच्या मागे भिंतभर लावलेत ते उचिवा, तिच्या हातात आहे तो घडीचा पंखा.

मला स्वतःला घडीचाच पंखा आवडतो, कारण तो चित्रकाराला आळशी होऊ देत नाही. म्हणूनच आयताकृती निसर्गदृश्य तसंच्या तसं कमानीत कापून छापलेले भेटवस्तूंचे पंखे बघवत नाहीत. आणि जुना सेन्सू ताणून, चुण्या सपाट करून काचेमागे लावणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे: चुण्या राहू द्या, थोडी खोल फ्रेम करून घ्या.