ऐतिहासिक परिस्थितिविज्ञान

मानव आणि त्याचा परिसर यांनी दीर्घ काळात एकमेकांना कसे घडवले याचा पुराव्यांवरून शोध घेणारी व त्या ज्ञानाचा आजच्या पर्यावरणीय प्रश्नांसाठी उपयोग करू पाहणारी अभ्यासशाखा. तळ्यांच्या गाळातील परागकण व कोळशाचे कण, वृक्षवलये, प्राण्यांची हाडे, जुने नकाशे, दप्तरे आणि स्थानिकांची मौखिक परंपरा ही तिची प्रमुख साधने होत. अस्पर्शित निसर्ग आणि माणसाने बिघडवलेला निसर्ग अशी सरळ विभागणी या शाखेला मान्य नाही. आदिम समजली गेलेली अनेक अरण्ये एके काळी वस्तीची व लागवडीची भूमी होती.

शाखेचा आरंभ निश्चित सांगणे कठीण आहे. भूमध्य समुद्राकाठच्या जंगलतोडीचे परिणाम दाखवणारे जॉर्ज पर्किन्स मार्श (1864) यांना सामान्यतः पूर्वसूरी मानतात. माणूस व परिसर यांच्या परस्परसंबंधांवर भर देणारा मानवशास्त्रीय प्रवाह कॅरोल क्रमली यांनी संपादित केलेल्या 1994 च्या लेखसंग्रहापासून दृढ झाला. परिस्थितिवैज्ञानिकांचा भर मात्र उजाड परिसर पूर्ववत करण्यासाठी भूतकाळातील एखादी स्थिती प्रमाण मानण्यावर राहिला. या दोहोंपैकी पहिला, मानवशास्त्रीय दृष्टिकोन अधिक फलदायी दिसतो. हवामान स्वतःच बदलत असल्याने कोणत्या शतकातील स्थिती प्रमाण धरावी, या प्रश्नाला दुसऱ्या दृष्टिकोनात समाधानकारक उत्तर मिळत नाही.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातील ‘टेरा प्रेटा’ ही काळी माती या शाखेतील सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण होय. तेथील सर्वसाधारण जमीन आम्ल व निकस. काळ्या मातीच्या पट्ट्यांत मात्र स्फुरद व कॅल्शियम भरपूर आणि जळित कार्बन भोवतालच्या जमिनीच्या 70 पटींपर्यंत आढळला आहे. तिच्यात खापरे व मासळीची हाडे सापडतात. बहुतेक पट्टे साधारणपणे 2,500 ते 500 वर्षांपूर्वीचे असावेत. ज्वालामुखीची राख किंवा आटलेल्या तळ्यांचा गाळ ही तिच्या उत्पत्तीची जुनी स्पष्टीकरणे आता मागे पडली आहेत. मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रूक यांनी 1966 मध्ये खापरांनी भरलेली काळी माती आणि तिच्याभोवतीची, खापरे फारशी नसलेली तपकिरी ‘टेरा मुलाटा’ यांत भेद केला. दुसरी बहुधा शेतीतून तयार झाली असावी. नदीच्या गाळामुळे ही सुपीकता वस्तीपूर्वीच आली होती, असे मत 2021 मध्ये मांडले गेले. पुढच्याच वर्षी अनेक संशोधकांनी मिळून त्याला उत्तर दिले आणि मानवनिर्मितीचा पक्ष आज अधिक भक्कम आहे. माती हेतुपुरस्सर केली की उकिरड्यांतून आपोआप झाली, हा वाद मात्र उरतोच. शिंगू नदीच्या वरच्या खोऱ्यातील कुइकुरो लोक राख, कोळसा व कसाव्याचा कचरा जमिनीत मिसळून आजही अशी माती समजून-उमजून तयार करतात, असे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसते. निदान काही पट्ट्यांमागे हेतू असावा, या मताला त्याने बळकटी मिळते. या मातीपासून प्रेरणा घेऊन जमिनीत कोळसा (बायोचार) मिसळण्याचे प्रयोग सर्वत्र चालू आहेत. त्यांत एक गोष्ट वारंवार निसटते: मूळ मातीची सुपीकता एकट्या कोळशाची नाही. हाडे, राख, मैला व कचरा यांनी अन्नद्रव्ये पुरवली. कोळशाने ती धरून ठेवली.

पेरू व बोलिव्हिया यांच्या सीमेवरील टिटिकाका सरोवराच्या काठावरील (उंची सुमारे 3,800 मी.) गादीवाफ्यांचा, म्हणजे चर खणून उंच केलेल्या वाफ्यांचा, अनुभव आणखी बोलका आहे. वाफ्यांमधील चरांचे पाणी दिवसा ऊब साठवते व रात्री सोडते, त्यामुळे पीक गोठण्यापासून काही अंशी वाचते. चरांतील गाळ खत म्हणून वर टाकता येतो. येथील सुमारे 82,000 हेक्टरांवर अशा वाफ्यांचे अवशेष 1960 च्या दशकात नोंदवले गेले. पुरातत्त्वज्ञ क्लार्क एरिकसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 पासून पेरूमधील हुआट्टा येथे ते पुन्हा उभारले. बटाट्याचे उत्पन्न परिसरातील नेहमीच्या शेतांपेक्षा कितीतरी अधिक आले आणि शासकीय व स्वयंसेवी संस्थांनी ही पद्धत उत्साहाने पसरवली. प्रोत्साहनपर मदत थांबल्यावर मात्र बहुतेक वाफे ओस पडले. मॅथ्यू बँडी यांच्या विवेचनानुसार (2005) क्षेत्रामागे उत्पन्न अधिक असले तरी श्रमांमागे ते कमी होते. मूळची व्यवस्था गावांनी स्वतः चालवली की तिवानाकू या तेथील प्राचीन राज्याच्या सत्तेने, हा एरिकसन व दुसरे पुरातत्त्वज्ञ ॲलन कोलाटा यांच्यातील मतभेद म्हणूनच केवळ पुरातत्त्वीय राहत नाही: श्रम कोणी, कशासाठी व कोणत्या मोबदल्यात केले हे कळल्याशिवाय तंत्र उचलून आणणे धोक्याचे आहे.

वहिवाट जिवंत असेल तेथे काम सुकर होते. उत्तर ऑस्ट्रेलियातील पश्चिम आर्न्हेम लँडमध्ये 2006 पासून आदिवासी रक्षक कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला, गवतात ओल असताना, लहान लहान आगी लावतात. त्यामुळे ऋतूच्या शेवटी भडकणारे वणवे आणि त्यांतून निघणारे मिथेन व नायट्रस ऑक्साइड कमी होतात, आणि या घटीचा मोबदला रक्षकांना मिळतो. आग कोठे व केव्हा लावायची, हे त्या भूमीवर वाढलेल्या वृद्धांकडून तरुण रक्षक शिकतात.