पाखाडी, सायकल आणि कार्बन उत्सर्जन (कोकण किनारपट्टी)

जवळच्या कामांसाठी गाडी न काढता पायी किंवा सायकलने जाणे हा वाहतुकीतले कार्बन उत्सर्जन घटवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय. २०१९ साली जगातल्या हरितगृह वायूंच्या थेट उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे १५ टक्के होता आणि त्यातला जवळजवळ ७० टक्के रस्त्यावरच्या वाहनांचा. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरला ५० किलोमीटर ॲव्हरेज देणारी दुचाकी किलोमीटरमागे ४६ ग्रॅम सोडते, १५ देणारी मोटार दीडशेच्या वर. शिवाय इंजिन थंड असताना पेट्रोल जास्त लागते, त्यामुळे नाक्यावरून दूध आणण्यापुरती काढलेली गाडी अंतराच्या मानाने अधिकच धूर करते. चालणाऱ्याला अन्न लागते, सायकलही कारखान्यातच बनते. हिशेब अगदी शून्यावर येत नाही, पण उरते ते फार थोडे.

कोकणात या हिशेबाला पाखाडीचे अंग आहे. इथली गावे सड्याच्या (वरच्या कातळाच्या पठाराच्या) उतारावर, वहाळाच्या (ओढ्याच्या) नाहीतर खाडीच्या कडेने वाड्यावाड्यांत पसरलेली असतात. वाडीतून बाजारात, देवळात, शाळेत उतरणारी, जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली पायऱ्यांची वाट म्हणजे पाखाडी. दोन्ही बाजूंना गडगे म्हणजे दगडी कुंपणे, वर आंब्याफणसाची सावली, मध्ये वहाळ आडवा आला तर साकव म्हणजे छोटा पूल. पाखाडी सरळ खाली उतरते. गाडीला चढ झेपावा म्हणून डांबरी रस्ता मात्र वळणे घेत जातो, आणि पायी दहा-पंधरा मिनिटांची वाट गाडीने दोन-तीन किलोमीटरची होऊन बसते. म्हणजे इथे चालणाऱ्याचे इंधन वाचते आणि अंतरही. शिमग्यात पालखी घरोघरी फिरते ती पुष्कळ गावांत अजून याच वाटांनी.

पाखाडी टिकते ती राबत्यामुळे. पावसाळ्याआधी कडेची झुडपे तोडावी लागतात. वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, चिऱ्यांवर शेवाळ धरते. त्यावर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासावे लागते. निखळलेला चिरा वेळीच बसवला नाही, तर पाणी खालची माती नेते आणि चार पायऱ्या एकदम खचतात. मग म्हातारी माणसे ती वाट सोडतात, पाठोपाठ शाळेची मुले, आणि घरात आणखी एक दुचाकी येते. डांबरीकरणाला जी निकड मिळते ती पाखाडीच्या आणि साकवाच्या दुरुस्तीलाही मिळायला हवी. उत्सर्जन कमी करण्याचे कोकणातले सर्वांत सोपे काम हेच आहे.

सायकलला पाखाडी चालत नाही, तिला रस्ताच लागतो. सड्यावर आणि किनाऱ्यालगतच्या सपाट पट्टीत ती छान चालते. अडते ती घाटीत. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर उंच आणि हर्णै बंदर तिथून पंधराएक किलोमीटरवर. जाताना हात ब्रेकवरून निघत नाही, येताना बऱ्याच जणांना उतरून सायकल ढकलावी लागते. खाऱ्या हवेने साखळी गंजते, तिला वरचेवर तेल घालावे लागते. चढासाठी विजेची सायकल उपयोगी पडते. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल, तर तिला नोंदणी लागत नाही, चालवणाऱ्याला परवानाही नाही.

गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी किंवा आंब्याच्या पेट्यांचे ट्रक यांचे उत्सर्जन अशा उपायांनी घटणार नाही. तिथे भिस्त एसटीवर आणि १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावणाऱ्या कोकण रेल्वेवर. मात्र रत्नागिरी, सावंतवाडी अशी स्थानके शहरापासून काही किलोमीटर दूर आहेत, आणि तेवढ्या टप्प्याला सायकल चांगली कामी येते.

खाड्यांवर तरींची जुनी सोय आहे. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, तवसाळ-जयगड या फेरीबोटींत पायी माणूस आणि सायकल दोन्ही चढतात आणि लांबचा वळसा वाचतो. बोट डिझेलवर चालते, पण तिचा धूर सगळ्या उतारूंत वाटला जातो. रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पूल योजले आहेत. त्यांच्या आराखड्यातच पादचारी आणि सायकलसाठी कठड्याआड वेगळी पट्टी धरायला हवी, कारण पूल उभा राहिल्यावर ती जोडणे अवघड आणि महागाचे पडते.