क्लीव्हलँड स्पायडर्सचा १८९९चा हंगाम

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहराच्या ‘स्पायडर्स’ या व्यावसायिक बेसबॉल संघाचा अखेरचा हंगाम. तो ज्या व्यावसायिक स्पर्धेत खेळत होता त्या नॅशनल लीगमध्ये तेव्हा १२ संघ होते. १५४ सामन्यांपैकी २० जिंकून आणि १३४ हरून स्पायडर्स तळाला राहिले. विजेत्या ब्रुकलिनपेक्षा ते ८४ सामन्यांनी मागे होते (दोन्ही संघांच्या विजयांतला आणि पराभवांतला फरक यांची ही सरासरी).

हा संघ मुळात दुबळा नव्हता. १८९५मध्ये बॉल्टिमोरला हरवून त्याने टेम्पल करंडक (लीगमधल्या पहिल्या दोन संघांतली मालिका) जिंकला होता आणि १८९८मध्येही तो पाचवा आला होता. त्याची धूळधाण मालकांनी केली. क्लीव्हलँडमध्ये ट्रामचा व्यवसाय असलेल्या फ्रँक आणि स्टॅन्ली रॉबिसन या बंधूंनी १८९९च्या सुरुवातीला सेंट लुईसचा दिवाळखोर संघ विकत घेतला. एकाच मालकाचे एकाच लीगमध्ये दोन संघ असण्याला त्या काळी आडकाठी नव्हती. सेंट लुईसमध्ये प्रेक्षक अधिक मिळतील या हिशेबाने त्यांनी पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) साय यंग, फलंदाज जेसी बर्केट, बॉबी वॉलेस आणि कर्णधार-व्यवस्थापक पॅट्सी टेबो यांना तिकडे हलवले. क्लीव्हलँडकडे उरले ते बहुतांशी सेंट लुईसला नको असलेले खेळाडू. तिसऱ्या बेसवर खेळणारा लेव्ह क्रॉस व्यवस्थापक झाला, पण ३८ सामन्यांनंतर त्यालाही सेंट लुईसला नेण्यात आले. उरलेला हंगाम जो क्विनने सांभाळला.

प्रेक्षकांना हा डाव लगेच कळला. लीग पार्क या घरच्या मैदानावर सरासरी दीडशेही माणसे येईनात. पाहुण्या संघांना तिकीटविक्रीतून मिळणाऱ्या वाट्यात प्रवासखर्चही निघेना, म्हणून ते क्लीव्हलँडला येणे टाळू लागले. परिणामी स्पायडर्सना ११२ सामने परगावी खेळावे लागले. त्यांतले १०१ ते हरले. आज मेजर लीगमध्ये (अमेरिकेतील सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलमध्ये) संघ हंगामात ८१ सामने परगावी खेळतो, त्यामुळे हा आकडा पुन्हा कोणी गाठण्याची शक्यता नाही. ओळीने २४ पराभवही याच हंगामातले. बेसबॉलमध्ये प्रत्येक पराभव एका पिचरच्या नावावर नोंदवला जातो; जिम ह्यूई या पिचरच्या नावावर असे ३० पराभव लागले, पण त्याला दोष देणे अन्यायाचे आहे: संघाने केलेल्या धावांच्या दुपटीहून अधिक धावा प्रतिस्पर्ध्यांनी केल्या होत्या. शेवटच्या दिवशी सिनसिनाटीत तर हॉटेलातल्या सिगारविक्रीच्या टपरीवर काम करणाऱ्या एडी कोल्बला पिचर म्हणून उभे केले गेले.

मालकांचा हिशेबही पुरता जुळला नाही. तारांकित खेळाडू मिळूनही सेंट लुईसला पाचव्याच क्रमांकावर समाधान मानावे लागले.

हंगाम संपल्यावर नॅशनल लीगने १२ संघांवरून ८ वर येताना क्लीव्हलँडसह लुईव्हिल, वॉशिंग्टन आणि बॉल्टिमोर हे संघ वगळले. १९०१पासून अमेरिकन लीगमध्ये खेळणारा क्लीव्हलँडचा संघ, म्हणजे आजचे गार्डियन्स, हा वेगळा संघ आहे. विसाव्या शतकापासूनच्या हंगामांत सर्वाधिक पराभव शिकागो व्हाइट सॉक्सचे आहेत: २०२४मध्ये १६२ सामन्यांत १२१.